गच्चीवरची फिरती छत्री

नवीन पनवेलला रेल्वेच्या पूर्वेस सिडकोने जी वस्ती वसवली, तिच्यात आमचे घर आहे. आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, जाळीची एक आठ फुटी डिश कित्येक वर्षे उभी होती. एके काळी ती केबलवाल्याची होती. तो धंदा सोडून गेला, डिश मात्र मागे राहिली. तिच्या कडेवर कावळे बसत, आणि ऊन पडले की घरोघरच्या बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालीत. तिला सगळे छत्रीच म्हणत.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत ठराव आला की, ही अडगळ भंगारात द्यावी. वजनाचे चार पैसे येतील, गच्चीही मोकळी होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तळमजल्यावरचे एक निवृत्त गुरुजी उठले. ते म्हणाले, "मला एक महिना द्या. ही छत्री मी चालू करून दाखवतो. नाही जमलं, तर भंगारवाल्याला मीच बोलावून आणीन." लोक हसले. एकाने विचारले, "गुरुजी, हातातल्या फोनवर सगळं दिसत असताना ही छत्री कशाला हवी?" गुरुजी म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले. मुलांनी पाठ केले, मार्क मिळवले. पण अक्षांश हाताला लागतो कसा, ते मी एकालाही दाखवू शकलो नाही. ते या छत्रीनं दाखवता येईल."

सभेने महिना दिला. आणि गुरुजींनी वळून माझ्याकडे पाहिले, कारण माझी उमर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेली आहे. तेव्हा आज मी तुम्हांला सांगणार आहे तो त्या एका महिन्याचा हिशेब. मोटरने फिरणारी डिश, तिचे वेगळे नियंत्रण-यंत्र आणि त्याच्याशी जोडलेला उपग्रह-रिसीव्हर कसा बसवायचा, हे त्यातून आपोआप कळेल.

आधी मुळाशी जाऊ. डिश आकाशात कुणाकडे पाहते? पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, उपग्रहांची एक माळ आहे. या उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती एकदा फिरायला तेवढाच वेळ लागतो. दोघे बरोबरीने फिरतात, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह एका जागी खिळल्यासारखा वाटतो. जत्रेतल्या चक्री पाळण्यात समोरासमोर बसलेली दोन मुले एकमेकांना स्थिर दिसतात, तसेच हे. अशा उपग्रहांमार्फत संदेश पाठवता येतील, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका इंग्रजी मासिकात मांडली होती. तेव्हा माणसाने एकही उपग्रह सोडलेला नव्हता.

आपल्या देशात या विद्येचा पाया डॉ. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीने घातला गेला. आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली उपग्रह-केंद्र सुरू झाले आणि परदेशी जाणारे टेलिफोन त्याच्यामार्फत बोलू लागले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा एक वर्षाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या डिशवर शेतीचे, आरोग्याचे व शाळेचे कार्यक्रम दिसू लागले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण ती जाळीची डिश आणि आमच्या गच्चीवरची छत्री या एकाच जातीच्या.

जाळी का चालते, हे मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले. भोकांतून लहरी निघून जात नाहीत का? उत्तर सोपे आहे. सी-बँड नावाच्या पट्ट्यातल्या लहरींची लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर असते. जाळीचे भोक त्याच्या मानाने फारच लहान असले, तर त्या लहरीला जाळी म्हणजे अखंड पत्राच. वारा मात्र भोकांतून आरपार जातो आणि छत्री उडत नाही. नारायणगावजवळच खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महादुर्बीण आहे. तिच्या ३० डिश आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, आणि त्याही जाळीच्याच. त्या मोटरने फिरतात आणि दूरच्या ताऱ्यांचे, दीर्घिकांचे रेडिओ-तरंग टिपतात. शाळेची सहल तिकडे नेण्याजोगी आहे.

आता पनवेलच्या आकाशाकडे वळू. पनवेलचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आणि रेखांश सुमारे ७३.१ अंश पूर्व. उपग्रहांची माळ आपल्या दक्षिणेला आहे. बरोबर दक्षिणेस ती क्षितिजापासून ६७.७ अंश उंच, म्हणजे पुष्कळ उंच दिसते. तेथून पूर्वेला आणि पश्चिमेला ती कमानीसारखी उतरत जाते. इन्सॅट आणि जीसॅट मालेतल्या उपग्रहांची एक जागा ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. पनवेलहून ती दक्षिणेच्या पूर्वेस २८ अंश वळून, ६५ अंश उंचीवर सापडते. दूरदर्शनची ९३.५ अंशांची जागा दक्षिणेच्या पूर्वेस ४९ अंश वळून, सुमारे ५८ अंश उंचीवर आहे. ज्या १०५.५ अंशांवरून १९९१ साली परदेशी वाहिन्या आपल्या घरांत शिरल्या, ती जागा ४७ अंशांपर्यंत उतरलेली आहे. पश्चिमेकडे ६८.५ अंशांवरची जागा ६७ अंश उंच आहे. आमच्याकडे पूर्वेला माथेरान-प्रबळगडाच्या डोंगररांगा आहेत, पण इतक्या उंचावर पाहणाऱ्या डिशला त्यांची आडकाठी होत नाही. आडकाठी होते ती शेजारच्या इमारतीची, नारळाची आणि पाण्याच्या टाकीची.

डिश ज्या अरुंद वाटेने पाहते, तिची रुंदी आठ फुटी डिशच्या बाबतीत दोन अंशांहून थोडी जास्त असते. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरा. त्या अंगठ्याची रुंदी जवळजवळ दोन अंश भरते. म्हणजे उपग्रह शोधायचा तर आकाशात एका अंगठ्याएवढ्या जागेवर नेम धरायचा. अंदाजाने हे काम होत नाही. मोजूनच करावे लागते.

मग पूर्वेपासून पश्चिमेपर्यंतची अख्खी कमान एकाच मोटरने कशी गाठायची? डिश फिरवायची, वर करायची, खाली करायची, या कामाला दोन मोटरी नकोत का? येथे गुरुजींचा अक्षांश कामी आला. जात्याची वरची पाळ एका खुंट्याभोवती फिरते. तसा डिशचाही एक खुंटा असतो. त्याला अक्ष म्हणू. हा अक्ष पृथ्वीच्या आसाशी समांतर ठेवला, तर पृथ्वी ज्या रेषेभोवती फिरते त्याच दिशेच्या रेषेभोवती डिश फिरते, आणि एका मोटरने सारी कमान सापडते. पृथ्वीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे. आणि ध्रुव आपल्या गावी क्षितिजापासून किती वर दिसतो? जेवढा आपला अक्षांश, तेवढाच! पनवेलला १९ अंश, नागपूरला २१ अंश, पणजीला साडेपंधरा. तेव्हा आमच्या डिशचा अक्ष उत्तरेकडे १९ अंश उचललेला हवा. गुरुजींनी त्या रात्री मुलांना गच्चीवर नेले, कोनमापकाला दोरी आणि खडा बांधला, आणि ध्रुव मोजायला लावला. एका मुलीचे उत्तर १८ आले, एका मुलाचे २१. "तुमचा हात हलला, ध्रुव नाही," असे गुरुजी म्हणाले आणि पुन्हा मोजायला लावले.

अक्ष १९ अंश ठेवला की, त्याच्याशी काटकोनात पाहणारी डिश दक्षिणेस ९० वजा १९, म्हणजे ७१ अंश वर पाहील. पण माळ आहे ६७.७ अंशांवर. हा ३.३ अंशांचा फरक का पडला? आपण विषुववृत्तावर नसून त्याच्या उत्तरेस आहोत, आणि उपग्रह ताऱ्यांसारखे अतिदूर नाहीत. म्हणून डिशला अक्षावर आणखी ३.३ अंश पुढे झुकवावे लागते. तेवढे स्क्रूने झुकवायची सोय अशा डिशच्या सांगाड्यात असते. वजाबाकी पाटीवर मांडून दाखवली की, आठवीच्या मुलाला सारे कळते.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काम खांबाचे. खांब ओळंब्यात हवा. गवंडी भिंत उभारताना ओळंबा लावतो, तसा खांबाला दोन बाजूंनी लावून पाहा. खांब अर्धा अंश कलला, तर पुढचे सगळे मोजमाप फुकट जाते. आमचा खांब पाहिला तर सुतळीपासून बोटभर सुटलेला होता. बुंध्याशी चार बोल्ट होते, त्यांतले दोन गंजून एकजीव झालेले. ते कापून नवे घालण्यात दोन दिवस गेले.

दुसरे काम दक्षिण दिशा शोधण्याचे. पुष्कळजण होकायंत्र काढतात. आपल्या कोकणात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही, हे खरे. पण गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, डिशचा खांबही लोखंडाचा असतो. त्यांच्याजवळ सुई भलतीकडेच वळते. म्हणून काठीची सावली बरी. एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा. सावली दिवसभरात जेव्हा सर्वांत आखूड होते, तेव्हा ती नेमकी उत्तर-दक्षिण पडते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, असे मात्र समजू नका. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे, आणि पनवेल आहे ७३.१ वर. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर येथली मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३७-३८ मिनिटांनी होते. ऋतूप्रमाणे ती मागेपुढे सरकते. फेब्रुवारीत ती १२ वाजून ५० मिनिटांच्या पुढे जाते, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास येते. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य पनवेलच्या डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो, तेव्हा दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. त्या काळात सावली पाहून डिश उलटी बसवणारा मनुष्य मला भेटलेला आहे.

तिसरे काम डिशच्या तोंडासमोर बसणाऱ्या एलएनबीचे. डिश लहरी गोळा करते, आणि एलएनबी त्या टिपून, त्यांची शक्ती वाढवून, वायरीतून जाण्याजोग्या करते. ती नेमकी मध्यावर हवी. सुतळी घ्या, एलएनबीच्या तोंडापासून डिशच्या कडेपर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजा. चारही मापे सारखी आली पाहिजेत. आमचे एक माप बोटभर कमी होते, कारण कुणीतरी गोधडी काढताना दांडीला लोंबकळले होते!

चौथे काम मोटरचे, आणि येथेच आमच्या विषयाची खरी गाठ आहे. मोटर एका लांब नळीवजा हाताला जोडलेली असते. त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. बाजारात नुसते "जॅक" म्हटले तरी चालते. मोटर फिरली की हाताची दांडी बाहेर येते किंवा आत जाते, आणि डिश अक्षाभोवती वळते. ही मोटर ३६ व्होल्टवर चालते. रिसीव्हरमध्ये एवढी वीज बाहेर देण्याची सोय नसते. तो वायरीतून एलएनबीला फक्त १३ किंवा १८ व्होल्ट देतो, तेही एलएनबी चालवण्यापुरते आणि उभ्या किंवा आडव्या लहरींची निवड करण्यापुरते. म्हणून मोटरसाठी स्वतंत्र यंत्र लागते. त्याला पोझिशनर म्हणतात.

पोझिशनरपासून मोटरकडे चार तारा जातात. दोन जाड, मोटर चालवणाऱ्या. दोन बारीक, मोजदाद करणाऱ्या. मोटरच्या डब्यात एक लहानशी चुंबकाची चकती फिरते. चुंबक समोरून गेला की एक बारीक स्विच मिटतो आणि पोझिशनरला एक टिचकी पोचते. पोझिशनर या टिचक्या मोजतो. डिश कोठे पाहते आहे, हे त्याला ठाऊक नसते. किती टिचक्या गेल्या, एवढेच तो जाणतो. या बारीक तारांना चुकून ३६ व्होल्ट लावले तर स्विच जळतो. तेव्हा जोडणी करताना दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढून ठेवावे. पूर्वेचे बटण दाबल्यावर डिश पश्चिमेला गेली, तर घाबरू नये. दोन जाड तारांची अदलाबदल करावी.

माझ्या हातून चूक झाली ती याच वेळी. पोझिशनरमध्ये पूर्वेची आणि पश्चिमेची अशा दोन हद्दी आधी ठरवून द्यायच्या असतात. त्या ठरवल्या म्हणजे मोटर त्यांच्यापलीकडे जात नाही. मला घाई झाली होती. हद्द न ठरवता मी पूर्वेचे बटण दाबून धरले आणि डोळे ठेवले टीव्हीच्या पडद्यावर. वर डिश फिरत फिरत गेली आणि तिची कड पाण्याच्या टाकीच्या नळाला जाऊन भिडली. मोटर थांबेना. नळाचा जोड निखळला, गच्चीवर पाणी झाले, चारही मजल्यांचे पाणी त्या संध्याकाळी बंद राहिले. छत्रीची कडही वीतभर वाकली. चिटणीस वर आले. ते रागावले नाहीत. "गुरुजी, एक महिना म्हणालात, त्यातले बारा दिवस गेले," एवढेच म्हणाले. ते ऐकून मला अधिक वाईट वाटले. नळाचा खर्च मी दिला. कड लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून सरळ केली. तेव्हापासून माझा नियम असा: एकाने गच्चीवर उभे राहून डोळ्यांनी डिश पाहावी, दुसऱ्याने खाली बटण दाबावे, आणि पहिले बटण हद्दीचेच असावे.

हद्दी ठरल्या. आता रिसीव्हर. वेगळा पोझिशनर असेल, तर रिसीव्हरमध्ये मोटरचा जो भाग असतो तो बंदच ठेवावा. सी-बँडच्या एलएनबीसाठी ५१५० हा आकडा द्यावा. कू-बँडची युनिव्हर्सल एलएनबी असेल तर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे असतात. मग पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक लहरींच्या जोराची, दुसरी त्यांच्या गुणवत्तेची. पहिली पट्टी फसवी असते. आकाशाकडे नुसते तोंड केले तरी ती अर्धी भरते. दुसरी पट्टी हलली, तरच उपग्रह सापडला असे समजावे. आणि डिश अगदी सावकाश फिरवावी, कारण रिसीव्हरला लहर ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. भराभर फिरवली तर उपग्रह समोरून निघून जातो आणि आपण मात्र "काही नाही, काही नाही" म्हणत बसतो.

कमानीचा माथा बरोबर दक्षिणेस. तेथून सुरुवात करावी. ८३ अंशांच्या जागेसाठी डिश अक्षाभोवती पूर्वेकडे साडेअकरा अंश फिरवावी लागते, आणि ९३.५ अंशांसाठी पावणेचोवीस. येथे शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न घालावा. पनवेल आणि ९३.५ यांच्या रेखांशांतला फरक तर २०.४ अंशच आहे, मग डिश जास्त का फिरली? कारण रेखांश मोजले जातात पृथ्वीच्या मध्यापासून, आणि आपण उभे आहोत पृथ्वीच्या पाठीवर, उपग्रहांच्या तेवढे जवळ. जवळून पाहणाऱ्याला मान जास्त वळवावी लागते.

जवळचे दोन उपग्रह सापडले की कमानीची दोन्ही टोके तपासावी. डिशची कड हाताने किंचित वर उचला, मग किंचित खाली दाबा, आणि गुणवत्तेची पट्टी वाढते की कमी होते ते पाहा. पूर्वेच्या टोकाला डिश जास्त वर पाहत असेल आणि पश्चिमेच्या टोकाला जास्त खाली, तर सारा सांगाडा खांबावर पूर्वेकडे जास्त वळला आहे. तो केसभर पश्चिमेकडे फिरवा. उलट असेल तर उलट. दोन्ही टोकांना सारखीच चूक असेल, तर दिशा बरोबर आहे आणि अक्षाचा कल चुकला आहे. एका वेळी एकच बोल्ट सैल करावा, आणि आधी पेन्सिलीने खूण करावी. दोन बोल्ट एकदम सैल करणारा कुठून आलो आणि कुठे चाललो हे विसरतो.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी गुणवत्तेची पट्टी हलली. आधी ८३ अंशांवर. मग मुलांनी टिचक्या मोजत डिश पुढे नेली आणि ९३.५ वर दूरदर्शनचे चित्र आले. कुठलासा शेतीविषयक कार्यक्रम चालू होता. गच्चीवरचे मूल ओरडले, "आलं का?" आणि खालून चार मजले ओरडले, "आलं!"

आता वेगळ्या नियंत्रणाचे गुण-दोष सांगतो. गुण असा की, रिसीव्हर बिघडला, बदलला, तरी डिशच्या जागा पोझिशनरच्या स्मरणात कायम राहतात. दोष असा की, ही दोन यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत. रिसीव्हरवर तुम्ही ८३ ची वाहिनी लावली आणि डिश ९३.५ कडे पाहत असली, तर पडदा काळा राहतो. मग लोक रिसीव्हरला दोष देतात, त्याची सगळी मांडणी पुसून टाकतात आणि दोन दिवसांची मेहनत घालवतात. याला उपाय एक वही. उपग्रहाचे नाव, पोझिशनरवरचा जागेचा क्रमांक, टिचक्यांचा आकडा आणि तारीख अशा चार रकान्यांची. शिवाय एखाद्या नेहमीच्या उपग्रहावर डिश असताना जॅकच्या दांडीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. डिश फिरत असताना वीज गेली, किंवा पावसाने स्विच दमट झाला, की टिचक्यांची मोजदाद चुकते आणि सगळ्याच जागा सारख्या अंतराने सरकतात. अशा वेळी डिश रेघेवर आणावी आणि तेथून मोजदाद पुन्हा जुळवून घ्यावी. रेघ असली तर हे पाच मिनिटांचे काम.

पावसाचे विसरू नका. कोकणचा पाऊस आणि खाडीचा खारा वारा यांच्यापुढे उघडे लोखंड टिकत नाही. जॅकच्या डब्याला खाली एक लहान भोक असते, पाणी निथळण्यासाठी. ते बुजवू नये आणि ते वर येईल असा जॅक बसवू नये. दांडीला पावसाळ्यापूर्वी ग्रीस लावावे. एलएनबीच्या वायरीला जोडापाशी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून टपकते, जोडात शिरत नाही. खांबाला अर्थिंग करून घ्यावे, आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की दोन्ही यंत्रांचे प्लग काढावे. गच्चीला कठडा नसेल, किंवा वरून विजेच्या तारा जात असतील, तर हे काम तेथे करूच नये.

शहरगावांत एक नवी अडचण आहे. २०२२ पासून आपल्याकडे फाइव्ह-जी मोबाइल आला. त्याचा एक पट्टा ३,६७० मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो, आणि उपग्रहाचा सी-बँड ३,७०० च्या पुढे. जुनी एलएनबी दोन्ही ऐकते, आणि जवळच्या मनोऱ्याच्या आरड्याओरड्यात उपग्रहाची कुजबुज बुडून जाते. तोंडाशी गाळणी लावलेली एलएनबी घेतली की हे थांबते. आम्हांलाही ती घ्यावी लागली.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. तुम्हांला घरी दूरदर्शन पाहायचे आणि आकाशवाणी ऐकायची एवढेच हवे असेल, तर हा खटाटोप नको. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा, आजची डीडी फ्री डिश, ९३.५ अंशांवरून कू-बँडवर येते. दोन-अडीच फुटी लहान डिश एकदा आग्नेयेकडे, थोडी पूर्वेला सरकून रोखली की काम झाले. महिन्याचे पैसे नाहीत, मोटर नाही. शाळांसाठी इयत्तावार वाहिन्याही तिच्यावर आहेत. फिरती डिश घ्यावी ती ज्याला अनेक उपग्रहांकडे पाहायचे आहे त्याने, किंवा ज्याला शिकायचे आणि शिकवायचे आहे त्याने. आणि ज्या वाहिन्या कुलूपबंद असतात, त्यांचे कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडू नये. उघड्या वाहिन्या पुष्कळ आहेत.

शेवटी एक प्रयोग, ज्याला रुपयाही लागत नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या १२ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आसपास काही दिवस, सूर्य आपल्या दृष्टीने या माळेच्या बरोबर मागून जातो. ऑक्टोबरमध्ये ८३ अंशांच्या उपग्रहामागे तो पावणेबाराच्या सुमारास येतो, ९३.५ च्या मागे अकराच्या सुमारास. त्या वेळी एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडते आणि सूर्याच्या लहरींमुळे चित्र काही मिनिटे जाते. चित्र गेले म्हणून कुणी तक्रार करील. पण सावली मध्यावर पडली, तर तुमची डिश बरोबर बसली आहे, अशी ती सूर्याची सही समजा.

आमच्या महिन्याचा शेवटचा दिवस सप्टेंबरअखेर आला. त्या दिवशी सोसायटीची सभा गच्चीवरच भरवली. साडेअकराला डिश ८३ अंशांवर नेली. पावणेबाराला एलएनबीची काळी सावली जाळीच्या मध्याकडे सरकत सरकत आली, तिथे क्षणभर टेकली, आणि खाली पडद्यावरचे चित्र विस्कटले. ज्या मुलीने ध्रुव १८ अंश मोजला होता, तिने सावलीवर बोट ठेवून चिटणिसांना विचारले, "काका, छत्री ठेवायची ना?" चिटणिसांनी वही मागून घेतली, चार रकाने वाचले, आणि म्हणाले, "ठेवा. पण गोधड्यांसाठी दुसरी दोरी बांधा."

ती दोरी मीच बांधली.